नसलेल्या बाळाची चौकशी

आमच्या घरातल्या कुठल्या बाईची पाळी कधी येणार हे त्या बाईच्या आधी मोठ्या काकीला माहीत असतं. आमचं घर देवळाच्या वाडीत, चुली दोन पण देवघर एक, त्यामुळे चार दिवस मागच्या पडवीत बसायचं, चटई वेगळी, पेला वेगळा, हा नियम अजून चालू आहे. घरात सगळ्यांच्या हातात मोबाईल आहेत, चुलत बहिणी पदवीधर होऊन सासरी गेल्या, छपरावर डिश आहे, आणि तरी काकीचा डोळा पडवीवर असतोच. मी ओरोसला एका कचेरीत कारकून आहे. त्या चार दिवसांत मी साहेबांच्या टेबलाला हात लावते, सह्या आणते, डबा सगळ्यांबरोबर खाते. संध्याकाळी एसटीतून उतरले की एकदम विटाळशी होते. या प्रकाराबद्दल मला काडीचाही आदर नाही. पण काकीशी वाद घालण्यापेक्षा पडवीत निदान वारा लागतो, म्हणून मी बसायचे.

हे आधी सांगायचं कारण असं की, जे पुढे झालं ते दुसऱ्या कुठल्या घरात झालं नसतं. तिथे कुणाला कळलंच नसतं.

मी आजारी पडले तेव्हा तिशी ओलांडली होती आणि लग्न झालं नव्हतं. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती, मी आणि आई अशा दोघीच आमच्या भागात राहायचो. सुरुवात कचेरीत झाली. शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ खोकायचे ते मला उद्देशून खोकतात असं वाटायला लागलं. मग स्टँडवरच्या कर्ण्यातून माझ्याबद्दल सांगतात असं वाटलं. मग एक बाई बोलायला लागली. ती दिसायची नाही. मी भात कालवला की ती म्हणायची, आता ही भात कालवते आहे. मी कुलूप लावलं की म्हणायची, हिने कुलूप लावलं, पण नीट लावलं नाही. आमच्या घरात कोणी असं बोलत नाही, सगळे मालवणी बोलतात. माझ्या डोक्यातली बाई मात्र शुद्ध मराठी बोलायची, सरकारी समारंभात निवेदन करणाऱ्या बाईसारखी. वेड लागायचं ते सुद्धा आमच्या नशिबी कचेरीच्या भाषेत.

घरच्यांनी करायचं ते केलं. नारळ ठेवले, गाऱ्हाणं घातलं, बाधा बघणारा घाडी आणला. घाड्याने माझ्याकडे बघून सांगितलं की ओढ्याकडच्या जागेवर काहीतरी बांधलं आहे, आणि कोंबडा खाऊन गेला. मोठ्या काकीला ते पटलं, कारण ओढ्याकडची जागा आमच्या वाट्याची होती. आईने मात्र चार-पाच आठवडे वाट पाहिली आणि एका सकाळी कुणाला न विचारता मला हाताला धरून एसटीत बसवलं आणि जिल्ह्याच्या ठिकाणी डॉक्टरांकडे नेलं. आमच्या घरात बाई मनाने काही करत नाही. तिने केलं. म्हणून पुढची सगळी वर्षं मी घरातल्या सगळ्यांना मनातून हसले, पण तिला कधी हसले नाही.

डॉक्टर तरुण होते आणि घाईत होते. त्यांनी मला कागदावर एक कुलूप काढून दाखवलं. मेंदूत डोपामिन नावाचं रसायन असतं, ती किल्ली. तुमच्यात किल्ल्या फार झाल्यात, ही गोळी कुलपात आधीच जाऊन बसते, म्हणजे किल्लीला जागाच राहत नाही. मी मान डोलावली. तेव्हा मला ती बाई सांगत होती की डॉक्टरांचं पेन गळतं आहे, त्यामुळे माझं अर्धं लक्ष तिकडे होतं.

ते कुलूप-किल्लीचं चित्र मला कधीच आवडलं नाही. शाळेतल्या पोरांना फुप्फुस म्हणजे फुगा असं शिकवतात तसलं ते. पुढे मी स्वतः वाचलं, विचारलं, आणि माझ्या अंगावरून गेलं त्याच्याशी ताडून पाहिलं, तेव्हा जे समजलं ते सांगते. कुठली गोष्ट महत्त्वाची आणि कुठली सोडून द्यायची, हे मेंदूला सांगण्यात या रसायनाचा मोठा हात असतो. दिवसभर आपण शेकडो आवाज ऐकतो, त्यातले बहुतेक टाकून देतो. माझ्यात हे टाकणंच बंद झालं होतं. प्रत्येक खोकला, प्रत्येक हॉर्न, समोरच्याने केस मागे सारणं, सगळं अंगावर यायचं आणि म्हणायचं की मी तुझ्यासाठी आहे, माझा अर्थ लाव. आणि मेंदू बिचारा अर्थ लावत बसायचा. गोळी तो रेटा कमी करते. ती आवाजाचा गळा दाबत नाही. आवाजाची पत घालवते.

हे एका दिवसात होत नाही, आणि हे आम्हाला कुणी नीट सांगितलं नाही. पहिले काही दिवस मी फक्त झोपले. काकीने लगेच जाहीर केलं की डॉक्टरने झोपेच्या गोळ्या दिल्यात, असला उपाय तीही सांगू शकली असती. मग काही आठवड्यांनी मी ओरोसच्या स्टँडवर उभी होते आणि कर्ण्यातून काहीतरी पुकारलं. मी सवयीने अंग चोरलं. आणि मग लक्षात आलं की देवगडची गाडी लागली आहे, एवढंच सांगतात. माझ्याबद्दल काही नव्हतं. मला इतकं हलकं वाटलं की माझी गाडी कोणती हे मी क्षणभर विसरले. ती बाई अजून बोलायची, पण आता दुसऱ्या घरातल्या टीव्हीसारखी. नंतर तीही थांबली.

आता फुकट काही मिळत नाही. हेच रसायन हालचालीलाही लागतं, त्यामुळे माझे हात आखडले, चालताना हात हलेनासे झाले आणि चेहरा असा झाला की साहेबांनी एकदा विचारलं, माझ्यावर रागावल्या आहात का. त्यावर दुसरी गोळी मिळाली, तिने तोंड कोरडं पडलं. सकाळी उशी लाळेने ओली आणि दिवसभर जीभ टाळ्याला चिकटलेली, अशी गंमत. भूक अशी लागायची की जेवून उठल्यावर हात धुतानाच पुढचं जेवण आठवायचं. वर्षाच्या आत माझे सगळे ब्लाउज उसवून झाले आणि पोट पुढे आलं. वाडीतल्या बायका म्हणाल्या, बरी दिसतेस हो आता, अंग भरलं. आजारी बाई जाड झाली की आमच्याकडे तिला बरी झाली समजतात.

आणि पाळी थांबली.

पहिल्या महिन्यात मला बरंच वाटलं, पडवी चुकली म्हणून. दुसऱ्या महिन्यात मी गप्प बसले. मग एक दिवस कचेरीत ब्लाउज पुढून ओला झाला. मी मोरीत जाऊन पाहिलं. दूध होतं. ज्या बाईला पुरुषाने हात लावलेला नाही तिच्या अंगातून दूध. मला भीती कशाची वाटली ते सांगते. लोक काय म्हणतील हे नंतर सुचलं. पहिल्यांदा वाटलं की आजवर नसलेलं ऐकत होते, आता नसलेलं दिसायलाही लागलं. मी तो ब्लाउज घरी आणून न धुता परसातल्या दोरीवर टाकला आणि वाळल्यावर जाऊन पाहिलं. डाग कडक होऊन बसला होता. म्हणजे खरं होतं. डाग बघून इतका आनंद झालेली बाई आमच्या वाडीत दुसरी नसेल.

पण दोरीवरचा ब्लाउज मी एकटीनेच पाहिला नव्हता.

मोठ्या काकीने आधी वेगळा तर्क केला होता. हे चेडू पाळी लपवतं आणि तसंच देवघरात फिरतं, म्हणून यंदा काजूचा मोहोर जळला. काजूचा मोहोर त्या वर्षी साऱ्या तालुक्यात जळला होता. म्हणजे माझ्या एकटीच्या विटाळाची मजल शिरोड्यापर्यंत गेली होती म्हणायची. पण डाग पाहिल्यावर काकीने तो तर्क सोडला आणि दुसरा धरला. वाढलेलं पोट, थांबलेली पाळी, दूध. तिच्याकडे सगळा हिशेब जुळत होता. मी मनाशी कबूल करते की तिच्या जागी दुसरी कोणी असती तरी तेच म्हणाली असती. फरक इतकाच की दुसरीने मला विचारलं असतं. काकीने धाकट्या काकीला विचारलं, धाकटीने शेजारी, आणि मला कळलं ते पाणी भरताना दोन बायका एकदम गप्प झाल्या तेव्हा.

मी घरी येऊन आईला सगळं सांगितलं. पाळी नाही, दूध येतं, आणि मी कुणाबरोबर कुठेही गेलेली नाही. आई माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि म्हणाली, माका ठाऊक आसा. मी कुडाळला जाऊन औषधाच्या दुकानातून तपासणीची पट्टी आणली, कारण गावातल्या दुकानदाराने ती पिशवीत घालायच्या आत वाडीला कळवलं असतं. एकच रेघ आली, म्हणजे नाही. आईने पट्टी हातात घेऊन उजेडात धरली, बराच वेळ पाहिली, आणि मग काकीला नेऊन दाखवली. काकी म्हणाली, बाजारातल्या वस्तूला काय कळतं.

माणूस एकदा डोक्याच्या डॉक्टरकडे जाऊन आला की त्याच्या बोलण्याला किंमत राहत नाही. मला हे तेव्हा पुरतं समजलं. मी रागावले तर आजार उसळला, रडले तर गोळी चुकली, शांत बसले तर गोळीने बधिर झाली. मी नाही म्हटलं तर नाही, एवढं साधं कुणी मानत नव्हतं. मला त्या घरात एकच माणूस हवं होतं जे माझा शब्द माझा म्हणून घेईल. ते माणूस म्हणजे आई, असं मी धरून चालले होते, आणि बाकीच्यांची मला पर्वा नव्हती.

मग काकीने कौल लावायचा ठरवला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. देवाच्या पाषाणावर गुरव डाव्या-उजव्या अंगाला फुलांच्या पाकळ्या पाण्याने चिकटवतो. प्रश्न विचारायचा आणि बघत बसायचं. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. विहीर कुठे खणावी, मुलगी कुठे द्यावी, जमीन विकावी की ठेवावी, सगळं आमच्याकडे असंच ठरतं. पाकळ्या पाण्याने चिकटतात आणि वाळल्या की पडतात, हे सांगायची सोय नाही. मला मागे खांबाजवळ उभं केलं, आई शेजारी होती. गुरवाला लाज वाटत होती, त्याने गाऱ्हाणं घाईने घातलं. ह्या घरातल्या चेडवाच्या पोटाक काय आसात तर उजवी दी म्हाराजा. आणि माझे दोन काका, दोन काक्या, हात जोडून म्हणाले, व्हय म्हाराजा. माझ्या पोटाबद्दल इतकं एकमत त्या घरात कधी झालं नव्हतं.

डावी पडली.

मला वाटलं, संपलं. देवाने नाही सांगितलं. मी देव मानत नाही, तरी त्या क्षणी त्याचे आभार मानले, हेही सांगून टाकते.  काकी म्हणाली, प्रश्न नीट विचारला गेला नाही, पुन्हा लावा. गुरवाने पुन्हा लावला. पुन्हा डावीच पडली. घरी येताना काकीने सगळ्यांना समजावलं की देव राखणदार आहे, तो घराण्याची अब्रू झाकतो, म्हणून असा कौल देतो. ज्या देवाच्या शब्दावर या लोकांनी जमिनी विकल्या, त्या देवाला त्यांनी माझ्यासाठी खोटं पाडलं. मला हसू आलं, आणि मी हसले. त्याचाही अर्थ लगेच लावला गेला.

त्या संध्याकाळी आई माझ्याजवळ येऊन बसली. खूप हळू बोलली.

"एक म्हयनो ती गोळी बंद कर गो बाये. पाळी इली काय ह्यांची तोंडा बंद होतली."

तोपर्यंत मलाही संशय आला होता की हे सगळं गोळीचं आहे. बंद केली असती तर पाळी आली असती, हे तिचं बरोबर होतं. पण त्या एका महिन्यात आणखी कोण आलं असतं हे मला माहीत होतं. ती बाई आली असती, शुद्ध मराठी घेऊन, आणि या वेळी गेली नसती कदाचित. मी आईला सांगितलं की काकीचं तोंड बंद करायला मी माझं डोकं पणाला लावणार नाही, मी डॉक्टरांना विचारते. आई उठून आत गेली. मला वाटलं, तिला पटलं.

आई शेजारी बसली होती, तिच्यासमोरच मी डॉक्टरांना सगळं एका दमात सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, हे आधी सांगायला हवं होतं तुम्ही. मी म्हटलं, तुम्ही आधी विचारायला हवं होतं. दर वेळी झोप विचारता, भूक विचारता, आवाज विचारता, माझ्या आईकडे बघून विचारता, आणि पाळी म्हटलं की तुम्हाला संकोच. ते लाल झाले. पण माणूस वाईट नव्हता, त्याने नीट समजावलं. मेंदूच्या तळाशी एक ग्रंथी असते, ती दूध उतरवणारं प्रोलॅक्टिन बनवते, आणि त्या ग्रंथीला आवरून धरण्याचं काम एरवी हेच डोपामिन करतं. गोळीने डोपामिनला अडवलं की ग्रंथी मोकाट सुटते. शरीराला वाटतं की आपण बाळंत झालो आहोत, अंगावर पाजतो आहोत, मग दूध येतं आणि पाळी थांबते. काही गोळ्यांनी हे जास्त होतं, काहींनी जवळजवळ होत नाही. रक्त तपासलं, तर प्रोलॅक्टिन भलतंच वर होतं. एवढी साधी गोष्ट होती, आणि तिच्यासाठी देवाला दोनदा उठवलं होतं.

जुनी गोळी त्यांनी एकदम बंद केली नाही. नवी थोडी थोडी वाढवत जुनी उतरवत आणली. नव्या गोळीने पाय स्वस्थ राहीनात. बसले की उठावंसं वाटायचं, उठले की चालावंसं. मी घरापुढच्या खळ्यात फेऱ्या मारायचे, काकी खिडकीतून पाहायची आणि दिवस भरत आल्याची लक्षणं धाकटीला समजावून सांगायची. मात्रा कमी केल्यावर पाय शांत झाले. मध्ये एक-दोनदा ती बाई लांबून काहीतरी पुटपुटली, पण तिच्यात आता दम नव्हता. वजन तेवढं राहिलं ते राहिलंच.

बऱ्याच आठवड्यांनी एका सकाळी पाळी आली. मी न्हाणीजवळ उभी होते, आई चुलीत नारळाची सोडणं सारत होती. मी ठरवलं होतं की काकीला कळू द्यायचं नाही, खुशाल नऊ महिने मोजू दे. पण आईला सांगितलं.

 आई तिथेच चुलीपुढे रडायला लागली. मी तिला असं रडताना वडील गेले तेव्हाही पाहिलं नव्हतं.

"देवान माझी लाज राखल्यान गो," ती म्हणाली.

मी विचारलं, "म्हणजे तुकाव खरा वाटला होता?"

तिने पदराने तोंड पुसलं. माझ्याकडे बघितलं नाही.

"तू आजारी होतंस गो बाये. काय झाला ता तुकाच आठवत नसतला, असा माका वाटला."

पट्टी तिने स्वतःच्या हातात धरली होती. कौल तिच्यासमोर दोनदा लागला होता. डॉक्टरांनी काय सांगितलं ते तिने शेजारी बसून ऐकलं होतं. आणि माका ठाऊक आसा, असं तीच म्हणाली होती. इतके महिने ती माझ्या बाजूने उभी होती आणि एक दिवससुद्धा तिने माझ्यावर विश्वास ठेवला नव्हता. काकीचा मला राग येत होता, तो राग मला पुरत होता. आईच्या बोलण्यात राग येण्यासारखं काहीच नव्हतं. तिने मला माफ करून टाकलं होतं, मी न केलेल्या गोष्टीबद्दल, आणि माझ्यावर माया करत राहिली होती.

ती डोळे पुसत काकीच्या चुलीकडे गेली, पाळी आल्याचं सांगायला. काकीने मागच्या पडवीत चटई टाकली. माफी वगैरे कोणी मागितली नाही, मी अपेक्षाही केली नव्हती. मी जाऊन बसले.

त्याला आता काही वर्षं झाली. मी कचेरीत जाते, गोळी चालू आहे, बढतीही झाली. जेवण झालं की आई विचारते, गोळी घेतलंस मां. मी घेतलेली असते, हो म्हणते. ती बरं म्हणते, आणि मग उठून आत जाते, पाकीट उजेडात धरते आणि आजची जागा रिकामी आहे ना ते बघून येते.